सिनेटरचा माणूस

व्हर्लन टिडवेलची गाडी ऊन-पावसात अंगणात उभी असायची, कारण गॅरेजमध्ये गळाला लावायचे नकली मासे राहायला होते. प्लॅस्टिकचे, लाकडाचे, झालर लावलेले, पोटात छर्रे भरलेले. शिवाय रबरी बेडूक आणि पितळी चमचे. सगळे खणाखणांच्या डब्यांत रंगांप्रमाणे लावलेले. कार्व्हर्स फेरी हे अलाबामातलं गाव धरणाच्या काठी वसलेलं. तिथं माणसाची पत दोन गोष्टींवरून ठरायची: रविवारी तो कुठल्या चर्चमध्ये जातो आणि शनिवारी बास माशापुढं काय नाचवतो.

हार्डवेअरच्या दुकानात रंग कालवायचं काउंटर व्हर्लनकडं होतं. गिऱ्हाइकानं भिंतीला पांढरा रंग मागितला, तर "कुठला पांढरा?" इथून तो सुरू व्हायचा आणि बिचारं गिऱ्हाईक दुपारच्या जेवणाला मुकायचं. तळ्यावरही तेच. पाणी नितळ असेल तर आमिष फिकं हवं, खऱ्या माशासारखं. गढूळ असेल तर काळं किंवा झगझगीत पोपटी, आणि जरा खुळखुळणारं, म्हणजे माशाला दिसलं नाही तरी ऐकू येतं. गार पाण्यात हात सावकाश, उबदार पाण्यात चलाख. हे सगळं खरंच होतं. फक्त व्हर्लनचे स्वतःचे मासे या विद्येला भुलत नसत. ते लागायचे एका काळ्या रबरी गांडुळाला. बुडालेल्या झाडाच्या बुंध्याशी ते टाकायचं, तळाला जाऊ द्यायचं आणि मग काही करायचं नाही. बराच वेळ काही करायचं नाही. मग गळाच्या काठीचं टोक वीतभर उचलायचं, आणि पुन्हा काही नाही. आता यात चार लोकांना सांगण्यासारखं काय आहे? आणि चार लोकांना सांगता येत नाही ते व्हर्लनला मनापासून आवडत नसे.

वसंताच्या तोंडाला शेजारच्या काउंटीतल्या आमिषांच्या एका नव्या कंपनीचा मालक, ग्रेडी मॉस, दुकानात आला आणि त्यानं व्हर्लनला कंपनीचा माणूस करून घेतलं. पगार नव्हता. अंगभर बिल्ले शिवलेला एक शर्ट होता, टोपी होती, आणि कंपनीचं नवं आमिष अर्ध्या किमतीत. आमिषाचं नाव 'सिनेटर'. वीतभर लांब, सोनेरी पाठ, पोटात छर्रे, शेपटीला पंखा आणि तोंड कायम उघडं. पाण्यातून ओढलं की बादलीत खिळे हलवल्यासारखा आवाज यायचा.

"म्हणजे जाहिरात तू करायची आणि पैसेही तूच द्यायचे?" व्हर्लनची बायको नडीन म्हणाली. ती शाळेची बस चालवायची. थापा रोज सकाळी घाऊक भावात ऐकायची.

"अर्धे," व्हर्लन म्हणाला.

"आणि तो शर्ट धुवायचा कुणी?"

"तो धुवायचा नसतो. बिल्ले उसवतात."

नडीननं शर्टाकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं आणि दोघांनाही पोर्चमध्ये बसायला सांगितलं.

करार साधा होता. जो मोठा मासा लागेल, त्याच्या जबड्यात सिनेटर दिसेल असा फोटो काढायचा आणि मॉसला पाठवायचा. अडचण एवढीच, की सिनेटरला मासा लागेना. व्हर्लननं तो नितळ पाण्यात ओढला, गढूळ पाण्यात ओढला, सावकाश, चलाख, झुडपांच्या कडेनं, बंधाऱ्याच्या सावलीत. एकदा एक कासव जवळ आलं आणि विचार बदलून गेलं. शेवटी शर्ट चिकटला, हात भरून आले, तेव्हा त्यानं इकडंतिकडं बघून काळं गांडूळ काढलं. पाचएक मिनिटांत चांगला दणदणीत बास लागला. व्हर्लननं गांडूळ सोडवून खिशात घातलं, त्या जबड्यात सिनेटर अडकवला आणि हसून फोटो काढला.

पहिल्यांदा फोटो पाठवायला दोन दिवस लावले. नंतर सवय झाली.

गावात सिनेटरचा सुकाळ झाला. व्हर्लनचा मेहुणा हॉइट, नडीनचा धाकटा भाऊ, त्यानं सगळ्या रंगांत सिनेटर घेतले. तळं घणघणू लागलं. इतकी माणसं दिवसभर तेच फेकताहेत म्हटल्यावर अधूनमधून एखादा वेडा मासा लागायचाच. त्याचं श्रेय सिनेटरला. बाकीच्यांना लागत नसे. तो दोष त्यांच्या हाताचा. मग ते सल्ला विचारायला रंगांच्या काउंटरवर यायचे.

"तू घाई करतोस, हॉइट," व्हर्लन दुसऱ्याच्या भिंतीचा निळा ढवळत सांगायचा. "सिनेटरला बोलू द्यायचं, मग थांबू द्यायचं. थांबल्यावर माशाला वाटतं, आता हा काय म्हणणार."

"किती थांबू द्यायचं?"

"ते मनगटाला कळतं."

हॉइट स्वतःच्या मनगटाकडं नापास पोराकडं बघावं तसा बघत निघून जायचा. व्हर्लनला वाईट वाटायचं. पण शर्ट अंगावर असला की जरा कमी वाटायचं.

एप्रिलअखेर गावातल्या मासेमारी क्लबची मोठी स्पर्धा झाली. प्रत्येकानं आपापल्या नावेत, एकट्यानं. दुपारी धक्क्यावर वजनकाटा लागला आणि व्हर्लनच्या पिशवीपुढं बाकीच्यांच्या पिशव्या लाजल्या. मॉस स्वतः आला होता. व्हर्लनच्या खांद्यावर हात टाकून त्यानं फोटो काढून घेतले. माशाच्या जबड्यात सिनेटर. टाळ्या. मग क्लबच्या अध्यक्षांनी आठवण करून दिली, की नियमाप्रमाणे विजेत्यानं बक्षीस घेण्याआधी खोटं पकडायच्या यंत्रापुढं बसायचं आहे. पूर्वी कुणी वजन वाढावं म्हणून मेलेल्या माशांच्या पोटात शिसं भरलं होतं, तेव्हापासूनचा हा नियम.

व्हर्लनच्या पोटात शिसं नव्हतं, पण तसंच काहीसं वाटलं.

यंत्र बाप्टिस्ट चर्चच्या रविवारच्या शाळेत लावलं होतं. भिंतीवर नोहाची नौका, सगळे प्राणी जोडीजोडीनं हसत उभे. खुर्च्या सहा वर्षांच्या मुलांच्या मापाच्या. यंत्र चालवणारे मिस्टर ओडेल प्रुइट शेरिफच्या कचेरीतून निवृत्त झालेले, उंच, मितभाषी, गुडघे कानाशी घेऊन बसलेले. त्यांनी व्हर्लनच्या बोटांना तारा लावल्या, छातीला पट्टा बांधला.

"नाव व्हर्लन टिडवेल?"

"होय, सर."

"सगळे मासे आजच, काठीनं, नियमाप्रमाणे धरले?"

"होय, सर." काटा जरा हलला. व्हर्लनची नजर पडली आणि काटा जोरात हलला.

"नावेत दुसरं कुणी?"

"नाही, सर." आता काटा असा नाचायला लागला, की जणू त्यालाच मासा लागला होता.

मिस्टर ओडेलनी चष्मा काढला. "व्हर्लन, तुझ्या बापाला मी ओळखत होतो. काय ते सांग."

व्हर्लननं सांगितलं. गांडूळ, खिसा, जबडा, फोटो, सगळं. सांगताना घाम भुवईवरून ओघळत होता आणि काटा मात्र हळूहळू शांत होत गेला.

मिस्टर ओडेलनी यंत्र बंद केलं. मग तारा सोडवत म्हणाले, "कुठल्या आमिषानं धरायचे, यावर क्लबचा नियम नाही. तू पास आहेस."

"एवढंच?"

"यंत्राचं एवढंच." ते उठले. उठताना डावा हात त्यांनी उजव्या खांद्यावर दाबला. "माझ्या गाडीत सिनेटरचा डबा आहे. दोन महिने फेकतोय. एक मासा नाही. मला वाटलं, हात गेला माझा. बर्मिंगहॅमला जाऊन डॉक्टरला खांदा दाखवला. परवा बायकोला म्हटलं, नाव विकून टाकू, म्हातारपण आलं."

व्हर्लनला त्या बुटक्या खुर्चीतून उठता येईना. बक्षीस जाईल, शर्ट जाईल, गाव हसेल, हे सगळं त्यानं धरून ठेवलं होतं. एका म्हाताऱ्याची नाव विकली जाईल, हे कुठंच धरलं नव्हतं.

"नाव विकू नका, मिस्टर ओडेल," तो एवढंच म्हणाला.

"ते मी बघेन. बाकीच्यांचं तू बघ."

संध्याकाळी चर्चच्या आवारात जेवण होतं. तळलेला कॅटफिश, मक्याच्या पिठाचे वडे, कोबीची कोशिंबीर, गोड गार चहा. बक्षीस दिल्यावर व्हर्लनला दोन शब्द बोलायला सांगितलं. व्हर्लन शर्ट काढून साध्या बनियनवर उभा राहिला, तशी नडीननं घास हातातच धरला.

"मी सगळे मासे काळ्या रबरी गांडुळानं धरले," तो म्हणाला. "आजचे आणि आधीचेही. सिनेटरला एकही लागला नाही. फोटो खोटे आहेत. तुमचे हात चांगले आहेत, आमिष वाईट आहे. मला माफ करा."

नडीननं घास परत ताटात ठेवला. मग मागच्या टेबलावर कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि हसू टेबलाटेबलांवरून पुढं सरकलं.

"जिंकायला लागला की माणूस असंच करतो," हॉइट शेजाऱ्याला म्हणाला. "आता एकट्यालाच हवाय सिनेटर."

"हॉइट, मी शपथेवर सांगतो."

"सांग की. मीही कुणी माझी मासे लागायची जागा विचारली तर पुलाखाली आहे म्हणून सांगतो."

मिस्टर ओडेल उभे राहिले. "तो खरं बोलतोय. यंत्रापुढंही हेच बोलला."

आता तर हसणं आवरेना. "यंत्रालाही फसवलं," कुणीतरी आदरानं म्हणालं. मॉस ताटलीसकट व्हर्लनजवळ आला आणि कानाशी म्हणाला, "अरे, काय डोकं चालवलंस. जाहिरातीवर एवढा खर्च केला, पण हे सुचलं नव्हतं. पुढच्या महिन्यात काळ्या रंगाचा सिनेटर काढतो."

व्हर्लननं शर्टाची घडी करून त्याच्या हातात दिली. मॉसला वाटलं, तो मोठ्या मापाचा मागतोय.

घरी जाताना गाडी नडीननं चालवली. बराच रस्ता गेल्यावर व्हर्लन म्हणाला, "तुझा तरी विश्वास बसला का?"

"बसला."

"का?"

"बावीस वर्षांत तू कधी इतकं थोडक्यात बोलला नाहीस."

पुढच्या शनिवारी तळ्याच्या मोकळ्या भागात नावांची जत्रा होती आणि पाणी खिळ्यांच्या बादलीसारखं वाजत होतं. त्या गोंगाटाला कंटाळलेले मासे तळ्याच्या वरच्या कोपऱ्यात, ओंडक्यांखाली येऊन बसले होते. तिथं एकच नाव होती. मिस्टर ओडेल पुढं बसलेले, व्हर्लन मागं. मिस्टर ओडेलची दोरी पाण्यात सैल पडली होती.

"आता काय करू?" त्यांनी हळूच विचारलं.

व्हर्लनच्या ओठांवर तापमान आलं, पाण्याचा रंग आला, वारा आला. त्यानं ते सगळं गिळलं.

"काही नाही," तो म्हणाला.

दोरी जराशी ताठ झाली आणि मिस्टर ओडेलनी दुखरा हात उचलला.