लाल वर्तुळं

रक्तातली साखर मोजायचं मशीन "टीं" करून वाजलं आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली. २९१.

सासूबाई समोर बोट पुढे करून बसल्या होत्या. आदल्या संध्याकाळच्या जेवणानंतर पाण्याशिवाय पोटात काही नाही, हे मी शपथेवर सांगितलं असतं. पण माझ्या शपथेला विचारतो कोण? फ्रिजवर नणंदेनं लावलेला तक्ता होता. ती शाळेत गणित शिकवते, तक्ते आखण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. सोमवार ते शुक्रवार लाल वर्तुळं, शनिवार-रविवार हिरवी. आणि शनिवार-रविवारी ती इथे मुक्कामाला असते.

"मी असते तेव्हा एकशेवीस, मी नसते तेव्हा तीनशे," गेल्या रविवारी निघताना ती म्हणाली होती. "यात न समजण्यासारखं काय आहे?"

"ताई, मी आईंना चहासुद्धा बिनसाखरेचा देते."

"मशीनला ना सून कळते ना नणंद. ते खोटं बोलत नाही."

मग तिनं माझे डबे उघडून पाहिले, एकेक करून. साखरेच्या बरणीवर पेनानं रेघ मारली, साखर कुठवर आहे त्याची. शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या. त्यांना नीट ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "गोड बोलतात आणि गोडच भरवतात." नवरा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. सासूबाई भिंतीकडे बघत राहिल्या. चपला घालताना ती म्हणाली, "आणखी एक आठवडा. मग आईला मी माझ्याकडे नेते."

माझी सहा वर्षांची पिटू त्या दिवशी आजीच्या मांडीवरून उठेचना. जेवणसुद्धा तिथेच झालं.

आठवडाभर ती रेघ माझ्या डोळ्यांसमोर होती. भांडी घासताना, पिटूची वेणी घालताना मी मनातल्या मनात नणंदेशी भांडत होते, आणि प्रत्येक भांडण मीच जिंकत होते.

तर त्या शुक्रवारी हे २९१ आले. पिटू रोजच्यासारखी आजीच्या टोचलेल्या बोटावर फुंकर घालायला वाकली आणि म्हणाली, "आजीच्या बोटाला संत्र्याचा वास येतोय."

रोज सकाळी सासूबाई पिटूच्या डब्यासाठी संत्रं सोलतात. नुसतं सोलत नाहीत, एकेका फोडीचा पापुद्रा काढतात, बिया काढतात, कारण पिटूला दाताखाली काही आलेलं चालत नाही. मग फडक्याला हात पुसतात आणि बोट माझ्यापुढे करतात. शनिवार-रविवारी शाळा नाही, म्हणून डबा नाही, म्हणून संत्रंही नाही.

मी त्यांचे हात साबणानं धुतले, कोरडे केले, दुसऱ्या बोटाला टोचलं. ११७.

"किती गं?" सासूबाईंनी विचारलं. चष्म्याशिवाय त्यांना आकडा दिसत नाही.

"ठीक आहे, आई. आता रोज आधी हात धुवायचे, नाहीतर बोटावरच्या रसाची साखर मोजली जाते," मी म्हणाले, पण पिटूकडे बघून. सासूबाईंना ऐकूही कमीच येतं. साबण आणायचं काम पिटूनं आपणहून घेतलं.

त्याच क्षणी नणंदेला फोन करता आला असता. मी केला नाही. तक्त्यावर २९१ लिहिलं आणि भोवती लाल वर्तुळ काढलं, छान गोल.

शनिवारी नणंद नेहमीसारखी नाश्त्याआधी आली. मी तिच्यापुढे दोन संत्री ठेवली. "ताई, पिटूला सोलून देता? तुमच्यासारखं मला जमत नाही."

तिनं सोलली. बोटं फडक्याला पुसली.

"उपाशीच आहात ना? तुमचीही बघू या एकदा. आईंना आहे, म्हणजे घराण्यात आहे."

"बघ की. मला काय धाड भरलीये."

टीं. ३०८.

"परत बघ."

पुन्हा टोचलं. २९६.

"मशीन बिघडलंय."

"मशीनला ना सून कळते ना नणंद," मी म्हणाले, अगदी हळुवारपणे. "ते खोटं बोलत नाही." मग तक्त्याच्या तळाशी तिच्या नावाची एक ओळ आखली आणि पहिलं लाल वर्तुळ काढलं. तिच्याच पेनानं.

नवऱ्यानं मोबाइल बाजूला ठेवला. आता बरा ठेवला.

"मी तर गोड खातही नाही गं," ती म्हणाली.

"सगळे असंच म्हणतात, ताई."

काकू डोकावल्या, तेव्हा मी त्यांनाही आकडा सांगितला. नणंद जेवली नाही. दुपारी ती आईजवळ जाऊन बसली, कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "आई, तुला सुरुवातीला काय काय झालं होतं?" सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत रडायला लागल्या. ते मी हिशेबात धरलं नव्हतं. तरी म्हटलं, संध्याकाळी सांगीन. तिनं मला आठवडा दिला होता, मी तिला संध्याकाळपर्यंतच देतेय. इतकी काही मी वाईट नाही.

मी भांडी घासायला घेतली. मागून फ्रॉकचा ओला स्पर्श झाला. पिटू उभी होती, मुठीत साबण, कोपरापर्यंत फेस.

"आई," ती म्हणाली, "आत्याला हात धुवायला का नाही सांगितलंस?"