विंचवाचे बिऱ्हाड काचेवर

मित्रांनो, मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची एक जुनी काचपट्टी आहे. धाराशिवच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या लाकडी पेटीत राहते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. माझ्या विंचवाचे मात्र काचेवर! भिऊ नका, माझ्यापाशी त्याच्या नांगीचा केसाहून पातळ काप तेवढा आहे.

मला घडवले प्रयोगशाळा सहायक शब्बीरभाईंनी, तीस वर्षांपूर्वी. नांगीचे कवच कडक, कापताना फाटते. म्हणून त्यांनी अणदूरच्या बांधावरून नुकतीच कात टाकलेला, मऊ कवचाचा विंचू शोधून आणला. नांगीची फुगीर गाठ मेणात बसवली, यंत्रावर आडवी कापली, काप गुलाबी-जांभळा रंगवला आणि वरून पातळ काच लावली. काय सजले होते मी!

तुम्हाला वाटते, नांगीत विषाची एकच पिशवी असते. साफ चूक! एका टरफलात दोन शेंगदाणे, तशा तिथे दोन ग्रंथी शेजारी शेजारी असतात. प्रत्येकीला स्नायूंचा वेढा. तो आवळला की ग्रंथी कवचावर दाबली जाते आणि विष नळीतून टोकाकडे धावते. आतल्या भिंतीला घड्याच घड्या, घड्यांवर उंच पेशींची दाटी, पेशींत विषाचे बारीक कण. मोठ्या भिंगातून हे पाहून मुले "आईशप्पथ!" म्हणत.

पुढे माझी चिठ्ठी गळाली. शब्बीरभाईंनी घाईत नवी चिकटवली, ती माझ्या पाठीवर, म्हणजे काप नसलेल्या बाजूला. झाले! चिठ्ठी वर ठेवून सगळे मला पालथी घालू लागले. लहान भिंगातून दोन गोल दिसत. मोठे भिंग लावले की मध्ये माझी जाड काच आणि समोर नुसते धुके. मुले पेशींची आकृती जुन्या जर्नलवरून उतरवून मोकळी होत. मला फार वाईट वाटे.

शब्बीरभाईंच्या निवृत्तीच्या दिवशी आमच्या विभागाच्या महेश्वरी मॅडम पेट्या आवरत होत्या. "शब्बीरभाई, हिच्यात काहीच दिसत नाही. काढून टाकू?"

"टाका मॅडम," ते पडेल आवाजात म्हणाले. "पैलं साफ दिसायचं, पर म्याच रंग कच्चा दिला असंल, उडाला. लई मेहनत केली होती, पर टिकलं न्हाय."

टाकण्याआधी त्यांनी सवयीने मला रुमालाने पुसले आणि पातळ काचेची कड त्यांच्या नखाला लागली. खालच्या बाजूने!

"या अल्ला! मॅडम, आपण हिला उलटी ठेवत होतो!"

मला सुलटी केले. मॅडमनी भिंगातून पाहिले आणि ओरडल्याच, "अहो, एकेक कण दिसतोय! किती सुंदर कापलंय तुम्ही!"

हॉलमध्ये हार घेऊन सगळे खोळंबले होते. शब्बीरभाई मात्र भिंगाला डोळा लावून हसत होते, डोळे पुसत होते, पुन्हा बघत होते. मग मॅडमनी नवी चिठ्ठी लिहिली, या वेळी योग्य बाजूला: 'विंचू, विषग्रंथी, आडवा छेद. तयार करणारे: शब्बीरभाई.'

मित्रांनो, मला कडेने धरा, अंगठे उमटवू नका. आणि कुणाला निकामी ठरवण्याआधी एकदा सुलटे करून पाहा.