बियाचं घर

"काय लिवलंयस? परत वाच."

यमुनाआत्तीने हातातला कंद गोणपाटावर ठेवला आणि पदराला हात पुसले. नागेशने लॅपटॉपवरचं इंग्रजी वाक्य पुन्हा मराठीत सांगितलं. जोयड्याच्या डोंगरातले शेतकरी दर वर्षी मुडलीचा सर्वांत मोठा कंद बियाण्याला ठेवतात, म्हणून पीक पिढीगणिक सुधारत जातं.

मुडली म्हणजे अळूच्या कुळातला, हातभर वाढणारा कंद. नागेश बेळगावला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होता. हजारो उत्तरांतून चांगलं उत्तर संगणकाने कसं शोधावं, हा त्याचा विषय. चांगली उत्तरं ठेवायची, त्यांची सरमिसळ करून नवी पिढी काढायची, त्यातून पुन्हा निवडायची. बारा वर्षांपूर्वी त्याने आपल्या रीतीला 'मुडली पद्धत' असं नाव दिलं. त्यावर सत्तावीस निबंध झाले, सहाशे चौदा उल्लेख झाले, आणि त्यासाठीच आज दुपारी इथे, आत्तीच्या गुंद गावच्या शाळेत त्याचा सत्कार होता.

उल्लेख म्हणजे काय, असं आत्तीने सकाळीच विचारलं होतं. दुसऱ्याने त्याच्या लिखाणात आपलं नाव घेणं, असं त्याने सांगितल्यावर ती हसली होती.

"लग्नात घेत्यात तसं? सहाशे जनींनी घेतलं म्हन की."

मग निबंधात काय आहे ते त्याने वाचून दाखवावं, असा तिनेच हट्ट धरला होता.

"मोठा कंद बियाला कोन ठिवतंय?" आत्ती आता म्हणाली.

"तूच की. पहिला मोठा कंद उंबऱ्यापाशी वेगळा ठेवायचीस. मी बघितलंय."

"त्यो बियाला न्हवं रं. त्यो झिलूच्या घरचा."

आत्ती लग्न होऊन गुंदला आली त्या वर्षी अणशीच्या झिलूच्या आईने तिला हे बी दिलं होतं. ज्या घरातून बी आलं, त्या घरी पहिला मोठा कंद पोचवायचा. झिलूची आई गेली, झिलूही गेला. आता कंद त्याच्या सुनेच्या, रूपालीच्या हातात जातो. बियाला ठेवायचे ते मध्यम कंद, प्रत्येक ढिगातला एकेक, एखादा वाकडासुद्धा.

"समदं एकसारकं ठिवलं तर एक रोग आला की संपलं," आत्ती म्हणाली.

नागेशची पद्धत नेमकी तिथेच अडायची. दहा-बारा पिढ्यांत सगळी उत्तरं एकसारखी व्हायची आणि पुढे काही सुधारायचं नाही. निबंधाच्या शेवटी त्याने ते एका ओळीत उरकलं होतं. कुणी विचारलंही नव्हतं. सहाशे चौदांतले निम्मे उल्लेख त्याचे स्वतःचे आणि त्याच्या मित्राचे, प्रवीणचे होते; तू माझं नाव घे, मी तुझं घेतो, असं दोघांचं ठरलेलं. उरलेल्यांनी मुडलीचं ते वाक्य एकमेकांचं बघून उतरवलं होतं.

"मागं नावं लिवल्यात म्हनालास. माजं कुठं हाय?"

त्याने निबंधामागची संदर्भांची यादी काढली. अठ्ठावन्न नावं होती. तिचं नाही हे ठाऊक असूनही त्याचं बोट शेवटापर्यंत खाली सरकत गेलं.

"छापून आलेल्यांचीच नावं घेतात, आत्ती."

"व्हय?" ती म्हणाली आणि पुढचा कंद उचलून त्यावरची माती झाडू लागली.

शाळेत फळ्यावर रंगीत खडूने ६१४ लिहिलं होतं. पुंडलिक गुरुजींनी तो आकडा दोनदा वाचून दाखवला आणि दोन्ही वेळा मुलांनी टाळ्या वाजवल्या. आत्ती पहिल्या रांगेत, आग्रहाने बसवलेल्या खुर्चीच्या अगदी कडेला टेकली होती. पाचवीतली रक्षा उठली आणि तिने विचारलं, "सर, मुडलीचं तुमास्नी कुनी शिकवलं?"

एकच नाव घ्यायचं होतं. पण ते घेतलं तर पुढचंही सांगावं लागलं असतं, की तिने शिकवलं एक आणि मी लिहिलं भलतंच. नागेशने फळ्याकडे पाहिलं.

"निरीक्षणातून शिकलो," तो म्हणाला.

गुरुजींनी शब्द नीट फोड करून सांगितला आणि मुलांनी तो वहीत उतरवून घेतला. रक्षाने ऱ्हस्व-दीर्घ विचारून खात्री करून घेतली. पुन्हा टाळ्या झाल्या. आत्तीनेही वाजवल्या, मातीने काळवंडलेल्या बोटांनी, हळू.

ऊन कलताना ती त्याला गाडीवर सोडायला आली. तो गाडीत चढताना तिने त्याच्या हातात कापडी पिशवी दिली. आत राखेत घोळवलेले बियाण्याचे पाच कंद होते. त्यांतला एक वाकडा.

"गच्चीत डब्यात लाव. आनि पयला मोठा निघाला की..."

ती मध्येच थांबली. कंडक्टरने दार ओढून घेतलं.

"ऱ्हाऊ दे," ती खिडकीशी येऊन म्हणाली. "तुला लांब पडतंय."

गाडी सुटली. नागेशने मागे वळून पाहिलं. आत्ती रस्ता ओलांडून पलीकडे अणशीच्या गाडीची वाट बघत उभी होती. काखेत यंदाचा पहिला मोठा कंद होता, स्वच्छ धुऊन केळीच्या पानात गुंडाळलेला.