आयली ‘ठीक आहे’ म्हणाल्या

“माझ्याकडे येताना आधी फोन करत बसू नकोस. फोनवर सगळेच ठीक असतात,” आमच्या शेजारीण आयली (आडनाव मत्तिला) पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या, वेलदोडा घातलेला गोड पाव माझ्या हातात देत. मी हसून सोडून दिलं. अमेरिकेत न विचारता कोण कुणाच्या दारात जातं?

उत्तर मिनेसोटातलं हे खाणींचं गाव. आयलींचे पणजोबा फिनलंडहून इथे लोखंड खणायला आले. त्यांची पणती आज गावाची मेयर. हिमवादळ येऊन गेलं की एकट्या म्हाताऱ्यांच्या दारी माणूस पाठवायची पद्धत त्यांनीच पाडली. त्या स्वतः सत्तरीच्या, एकट्याच. पण मेयरच्या दारी कोण जाणार?

दर शनिवारी दुपारी त्या परसातला सॉना, म्हणजे घामाघूम व्हायची ती लाकडी खोली, तापवायच्या. धूर माझ्या ओट्यापाशी उभं राहिलं की दिसायचा. गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी दिसेना.

“मीटिंग असेल गं,” माझा नवरा अंकुर म्हणाला. “शेजाऱ्यांच्या धुरावर पण सीआयडी?”

मी फोन लावला.

“आयली, सगळं ठीक?”

“ठीक.”

“आज सॉना नाही?”

“आज नाही.”

फोन ठेवला, पण चैन पडेना. शेवटी आसावरीला, माझ्या लेकीला, कडेवर घेतलं आणि बर्फ तुडवत गेले. दार उघडंच होतं. आयली स्वयंपाकघरात जमिनीवर आडव्या, फोन अजून हातात.

“अहो, ठीक आहे म्हणालात ना!”

“ठीकच आहे. फक्त उठता येत नाही.”

“मग सांगायचं नाही?”

“आमच्या घरात मागायची सवय नाही. आणि गावची मेयर मी, लेकुरवाळ्या बाईला बर्फातून बोलवू?”

“आयली, अप!” आसावरीने हुकूम सोडला. आयली हसायला गेल्या आणि कळवळल्या. मी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली.

खुब्याचं ऑपरेशन झालं. आता वॉकर घेऊन त्या कौन्सिलच्या मीटिंगा चालवतात. पण अंकुरला नवी नोकरी लागलीय, या महिन्यात आम्ही दूर पूर्व किनाऱ्यावर, एडिसनला चाललो. इथून जवळच्या डुलुथ शहराच्या बाजूला राहणारं आपलं कुणी हे वाचत असेल, तर वाट वाकडी करून आयलींकडे जाऊन याल? कॉफी नक्की मिळेल. “कशाला आलात” म्हणतील, तरी बसा. त्यांना खोलीभर चालून दाखवायला सांगा, आणि कशा चालतात ते मला कळवा.