डाव्या हाताचा खेळ

मी तिसरा. माझ्याआधीचे दोन नमुने चालूच झाले नाहीत, म्हणून बोलायची पाळी माझ्यावर आली.

हातात धरून खेळायचा गेमिंग कन्सोल मी. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत मेघनाने मला जोडलं. माझा पडदा उजळला तेव्हा तिने मला पुन्हा एकदा बंद करून चालू करून पाहिलं.

आठवड्याभरात तिच्या साहेबांनी, रवींद्रसरांनी, माझ्याशेजारी एका बड्या परदेशी कंपनीचा नवा कन्सोल आणून ठेवला. त्याच्या पडद्यावर घोडा धावत होता आणि आयाळीचा केस न् केस वेगळा दिसत होता. मी बघतच राहिलो.

“ताकदीत यांना गाठायला आपल्याला दहा वर्षं लागतील,” सर म्हणाले. “साध्या खेळांना लोकांकडे फोन आहेच. मग आपला कोण घेणार? महिन्याभरात सांग मेघना, नाहीतर हे काम बंद करू.”

त्या शनिवारी ती मला शहाडला घरी घेऊन आली. घरात तिची मंजुळाआत्या. तीस वर्षं ब्लाउज शिवलेली बाई. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून खिडकीशी बसून असायची. मेघना चहा ठेवायला आत गेली आणि आत्याने मला डाव्या हातात उचललं.

पतंगाचा खेळ चालू होता. पतंग वळवता येत होता, पण ढील द्यायचं बटण माझ्या उजव्या टोकाला. आत्याने मला छातीशी टेकवलं आणि ते बटण हनुवटीने दाबलं. पतंग कटला. तिने पुन्हा उडवला. अकरा वेळा कटला, अकरा वेळा उडवला. एवढी जिद्द माझ्या कुठल्याही चिपमध्ये नव्हती.

मेघना दारात उभी राहून बघत होती. आत चहा उतू गेला.

“अगं, बटणं सगळी इकडेच आणता येत नाहीत का?” आत्या म्हणाली. “ब्लाउज कसा, ज्याच्या त्याच्या मापाने बेततो आपण.”

मग मेघनाने मला पुरतं उसवलं. बटणांचा भाग सुटा केला, हवा त्या बाजूला बसेल असा. मागे पट्टा लावला. तो कुठे हवा ते आत्याने दाखवलं. तीन आठवड्यांनी आत्याचा अंगठा माझ्यावर असा फिरायला लागला की पतंग खाली येईचना.

सर शहाडला आले, एका हाताने खेळले आणि हरले.

“मंजुळाताई, परत एकदा,” म्हणाले. परत हरले. मग मेघनाकडे वळून हळूच म्हणाले, “त्या बड्या कंपनीच्या मागे धावायला नको. ज्यांचा त्यांनी विचारच केला नाही, त्यांच्यासाठी बनवू.”

आज माझी भावंडं डोंबिवलीपासून माजिवड्यापर्यंत कितीतरी घरांत आहेत. माझा पडदा चरे पडून धूसर झालाय, एक बटण अडकतं. आणि गेल्या महिन्यात त्या बड्या कंपनीनेही एका हाताने खेळायचा कन्सोल जाहीर केला. सर हादरले.

“त्यांचा जास्त चांगला निघाला तर?” आत्याने विचारलं.

“तर तो घे,” मेघना म्हणाली. “आणि त्यात काय चांगलं वाटलं ते मला सांग.”

मनापासून म्हणाली ती. माणसं अशीही असतात, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

तुमच्याकडे कुणाचाही कन्सोल येवो. एकदा तो घरातल्या प्रत्येकाच्या हातात देऊन बघा.