चौकटींची नावं

मयुरा कधी कोणाला उलटून बोलत नसे. रामदासपेठेतल्या त्या तीन टेबलांच्या ऑफिसात तिची ख्यातीच होती की गिऱ्हाइकाने दगड मारला तरी ही पोरगी त्याचे आभार मानेल. खरं सांगायचं तर ती बोलायची, पण जिथे कोणी वाचत नाही तिथे.

वेबसाइटच्या पानावर प्रत्येक चौकटीला एक नाव द्यावं लागतं. पाहणाऱ्याला ते दिसत नाही. रंग, आकार, जागा यांचे नियम वेगळ्या फाइलीत त्या नावाखाली लिहायचे, एवढाच त्याचा उपयोग. कळमेश्वरच्या देवरावजींच्या कूलर कारखान्याचं पान दुसऱ्यांदा बदललं, तेव्हा मयुराने त्यांच्या भल्यामोठ्या फोटोच्या चौकटीला नाव दिलं ‘देवराव-हट्ट’. मन हलकं झालं. मग सवयच लागली. आता अकरा बदल झाले होते.

त्या सोमवारी देवरावजी नेहमीप्रमाणे सुनेला, कामिनीला, सोबत घेऊन आले. आज त्यांनी पानाला होकार दिला तर त्यांच्या डीलरांच्या साइटचं सगळं काम मयुराकडे येणार होतं, नाहीतर महिनाअखेर तिला दुसरी नोकरी शोधायची होती. ऑफिसचा मालक धर्मेंद्र तसं स्पष्टच बोलला होता.

“एवढ्याशा बदलाले आठ-आठ दिवस काहून लागतात?” देवरावजींनी विचारलं.

“आता नाही लागत, जी,” धर्मेंद्र म्हणाला. “मी नवीन टूल बनवलं. पहिले पानातली एकेक नाव शोधून हातानं उतरवत बसा, अर्धा दिवस जाय. आता बटन दाबलं का नियमांचा सांगाडा तयार. थांबा, तुमचंच पान टाकतो.”

मयुरा पटकन पुढे झाली. “सर, ते पान नको,” ती म्हणाली. पण नवी वस्तू दाखवणाऱ्याला कान नसतात. धर्मेंद्रने बटन दाबलं.

भिंतीवरच्या पडद्यावर नावांची रांग लागली. प्रत्येकापुढे नियम लिहायला महिरपी कंस, आत काही नाही. टूल बिचारं प्रामाणिक, दिसेल ते नाव त्याने उचललं. लोगो. मेनू. देवराव-हट्ट. पुन्हा-हलवलं. आता-तरी-पुरे. आणि सगळ्यात खाली, कामिनीताईंचंच-बरोबर.

धर्मेंद्रचा चेहरा पाहण्यासारखा झाला. देवरावजींनी चष्मा लावला आणि लग्नपत्रिका वाचावी तशी सगळी यादी सावकाश वाचली.

“हे खालचं काय आहे, बाई?”

लपवायला आता उरलंच काय होतं? “दुरुस्तीच्या फोन नंबरची चौकट आहे,” मयुरा म्हणाली. “तो सगळ्यात वर घ्या, असं कामिनीताई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. लोक कूलरचा पंप जळल्यावर साइट उघडतात, फोटो पाहायले नाही. तुम्ही तो तळाशी न्यायले लावला.”

“मले कोणी सांगितलं नाही.”

“मी सांगितलं होतं, मामाजी,” कामिनी म्हणाली. “तुम्ही म्हटलं, तू बस.”

देवरावजींनी यादीतलं शेवटचं नाव पुन्हा एकदा वाचलं. उन्हाळ्यात दुरुस्तीचे फोन कामिनीच घेई, दिवसाला साठ-सत्तर. त्यांना ते माहीत नव्हतं असं नाही, त्यांनी मनावर घेतलं नव्हतं इतकंच.

“ह्याच्यात तं काहीच नाही लिहिलेलं,” कंसाकडे बोट दाखवून ते म्हणाले.

“आत काय लिहायचं ते आपण ठरवायचं असते, जी,” धर्मेंद्र कसाबसा बोलला.

“मंग नंबर वर घ्या म्हणून लिहा. अन् डीलरवालं काम ह्याच पोरीले द्या. तोंडावर नाही बोलत, पण बोलते तं खरं.” मग ते सुनेकडे वळले. “आणखी काही आहे का वं?”

मयुराला सुटल्यासारखं वाटलं, आणि लाजही वाटली. जे चारचौघांत बोलायचं ते ती चार महिने चौकटींवर लिहीत बसली होती. त्या पहिल्या दिवशी एक शब्द बोलली असती तर कामिनीताई एकट्या पडल्या नसत्या.

कामिनीने खुर्ची टेबलाजवळ ओढली. इतक्या बैठकांत पहिल्यांदाच.

“फोटो बी लहान करा,” ती म्हणाली.

मयुराने फाइल उघडली. हा बारावा बदल.

“किती लहान करू, ताई?” तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.