किमान दर

चौकशी अधिकाऱ्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि जरा सोप्या भाषेत सांगा म्हणाले. नळवाल्यांना याची सवय होती. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना जो तो हेच सांगत आला होता.

"सोपं म्हणजे असं, साहेब. टाकी एक आणि नळ चौदा. सगळ्यांना सारखीच धार ठेवली, तर ज्याला बादली भरायचीय त्याला पुरत नाही आणि ज्याला नुसती चूळ भरायचीय त्याचं वाया जातं. म्हणून ज्याची जेवढी गरज तेवढी धार."

हे उदाहरण देऊन देऊनच त्यांचं नाव नळवाले पडलं होतं. सासरकडच्या काही मंडळींना तर ते खरोखरच नळदुरुस्ती करतात असं वाटायचं. एकदा पाहुणे म्हणून गेले असता चुलत सासऱ्यांनी हाताला धरून त्यांना न्हाणीघरात नेलं होतं. नळवाल्यांनी वायसर बदलून दिला होता.

त्यांचं खरं काम मोठ्या इस्पितळाच्या तळमजल्यावर, एका थंडगार खोलीत चालायचं. आडगावांतल्या चौदा दवाखान्यांत कॅमेरे बसवले होते. तिथे नर्स पेशंटला कॅमेऱ्यासमोर धरायची आणि इथले डॉक्टर पडद्यावर बघून सल्ला द्यायचे. चौदाही दवाखान्यांची चित्रं एकाच लाइनवरून यायची. ज्या चित्रात हालचाल जास्त, त्याला लाइनचा जास्त वाटा. जे स्थिर, त्याला कमी. कागदोपत्री याला व्हेरिएबल बिट रेट म्हणत. नळवाले म्हणत बदलता दर. वाटे पाडायचं काम यंत्र करायचं, पण कितीही गर्दी झाली तरी कुठल्याही चित्राचा वाटा अमुक एका आकड्याच्या खाली जाऊ द्यायचा नाही, हे यंत्राला माणसाने सांगून ठेवावं लागे. तो किमान दर नळवाल्यांनी ठरवला होता. सेकंदाला सहाशे किलोबिट.

तो त्यांनी हवेतून काढला नव्हता. तीन आठवडे ते लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंच्या पाठीमागे वही घेऊन बसले होते. दर पन्नास-पन्नासने उतरवायचा आणि बाईंना विचारायचं, दिसतंय का? न्यूमोनिया झालेलं बाळ श्वास घेताना बरगड्यांखाली छातीत खळगा पडतो, बाईंना तो दिसायला हवा होता. पाचशेला तो अंधुक झाला. चारशेला नाहीसाच झाला. बाळ दिसत होतं, गाल दिसत होते, झबल्यावरची फुलंसुद्धा दिसत होती. फक्त श्वास पुसला गेला होता. एवढी बारीक हालचाल यंत्राला कचरा वाटते, असं नळवाल्यांनी सांगितलं, तेव्हा बाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, सहाशेच्या खाली कधी जाऊ देऊ नका. त्या दिवशी नळवाले घरी गेले ते रमतगमत, दोन थांबे आधीच उतरून. साऱ्या नोकरीत त्यांनी स्वतः ठरवलेली अशी ती एकच गोष्ट होती.

मग आणखी आठ दवाखाने जोडायचं जाहीर झालं. उद्घाटनाची तारीख ठरली. नवी लाइन मात्र आली नाही. विभागप्रमुखांनी नळवाल्यांना बोलावून किमान दर अडीचशेवर आणायला सांगितलं. ते काही दुष्ट गृहस्थ नव्हते. त्यांनी स्वतः खुर्ची पुढे ओढून दिली, आलेख दाखवला. दिवसभराची सरासरी प्रत्येकाला सातशेच्या वर येत होती.

नळवाले म्हणाले, "सरासरी चांगली आहे, साहेब. पण आजारी माणूस सरासरीत येत नाही. तो सकाळी अकरा वाजता येतो."

साहेब हसले. बोलता हो छान तुम्ही, म्हणाले.

नळवाल्यांनी पानभर हरकत लिहिली, आवक विभागाचा शिक्का घेतला, प्रत खणात ठेवली. आणि त्याच दुपारी आपल्या हाताने आकडा बदलला. हाताखालच्या माणसाने याहून जास्त काय करायचं असतं, असं त्यांना वाटलं. रात्री झोपही लागली.

दीड महिन्याने एका मंगळवारी अकराच्या सुमाराला बावीसही दवाखाने एकदम चालू होते. एका दवाखान्यात पाच महिन्यांचं बाळ आलं होतं. इतकं थकलेलं, की रडतही नव्हतं. म्हणजे हालचाल नाही. म्हणजे वाटा सगळ्यात कमी. नर्स म्हणाली, श्वास ओढतंय असं वाटतं. पडद्यासमोर त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बराच वेळ बघितलं. शांत झोपलंय, छाती स्थिर दिसतेय, औषध देते, संध्याकाळी परत दाखवा, म्हणाल्या. नर्सने त्यांचं ऐकलं. त्यांनी चित्राचं ऐकलं. चार वाजता दवाखान्याच्या बाकड्यावर, आईच्या मांडीवर, बाळ गेलं.

नर्सने बाळाला कॅमेऱ्यासमोर नीट धरलं नाही, असा अहवालाचा मसुदा तयार झाला. ती कंत्राटी होती, म्हणजे सोपी होती. नळवाल्यांना फक्त एका ओळीखाली सही करायची होती : दर ठरवून दिलेल्या मर्यादेत होता. साहेब म्हणाले, यात खोटं काय आहे? खरंच काही खोटं नव्हतं. मर्यादाच अडीचशे झाली होती. निवृत्तीला चार महिने उरले होते. बायको म्हणाली, सही करा आणि सुखाने घरी या.

त्यांनी सही केली नाही. चौकशीच्या खोलीत त्यांनी सगळं सांगितलं आणि हरकतीची प्रत पुढे ठेवली. अधिकाऱ्यांनी ती दोनदा वाचली.

"आकडा कोणी बदलला?"

"मी."

"लेखी आदेश आहे?"

"नाही. तोंडी होता."

"म्हणजे लेखी आहे ती फक्त तुमची हरकत." अधिकाऱ्यांनी चष्मा पुन्हा लावला. "धोका काय आहे हे तुम्हाला पुरतं ठाऊक होतं, आणि तरीही तुम्ही बदललात."

अधिकाऱ्यांनी तेवढंच लिहून घेतलं. त्यांच्याच कागदाने त्यांना धरलं.

नर्सवरचा ठपका निघाला. नळवाले निलंबित झाले. साहेबांनी तातडीची बाब म्हणून नवी लाइन मागितली आणि त्याबद्दल त्यांचं कौतुक झालं. लाइन येईपर्यंत किमान दर चारशे ठेवायचा, असा मधला मार्ग निघाला.

पुढच्या आठवड्यात नळवाले दोन बस बदलून त्या दवाखान्यात गेले. विचारपूस करावी, असं बायकोला सांगून निघाले होते. खरं तर नर्सने दोन चांगले शब्द बोलावेत, एवढीच त्यांची इच्छा होती. दुसरं कोणी बोललंच नव्हतं.

नर्स पस्तिशीची, बारीक चणीची होती. बाहेर लेकुरवाळ्या बायकांची रांग होती. तिने त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. त्यांनी हरकतीचं सांगितलं, शिक्क्याचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही खरं बोललात म्हणून माझी नोकरी राहिली," ती म्हणाली. "सगळे तसंच म्हणतात. खरंच आहे ते."

नळवाले काहीतरी पुटपुटले.

"पण एक विचारू? तुम्ही वर लिहिलंत. आम्हाला का नाही सांगितलंत? आकडा बदलला त्या दिवशी एक फोन करायचा. चित्रावर आता भरवसा ठेवू नका, एवढंच. बाईंनाही माहीत नव्हतं. माझ्या हाताला कळत होतं हो ते बाळ. मी गाडीत घालून पाठवलं असतं."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

सगळ्या दवाखान्यांचे फोन नंबर नळवाल्यांच्या टेबलावर काचेखाली होते. रोजचे. त्या दुपारी एकाही नंबरावर त्यांची नजर गेली नव्हती. त्यांच्या डोक्यात फक्त शिक्का होता.

चहा आला. ती रांगेतल्या पुढच्या बाईला आत बोलवायला उठली. ती बाई मुलाला कडेवर घेऊन आली आणि बसायला जागा नाही म्हणून उभीच राहिली. नळवाले उठले, खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि पिशवी घेऊन बाहेर आले. परतीची बस तीनची होती, आणि आत्ता कुठे बारा वाजत होते. रांगेतल्या बायकांनी बाकड्यावर सरकून त्यांना जागा करून दिली. ते बसले नाहीत.